मुंबईच्या हवेत ओलं लाकूड: खरादासाठी कापायचं कसं, ठेवायचं कसं

खरादकामाच्या, म्हणजे लेथवर लाकूड फिरवून कातायच्या कामाच्या, पुस्तकांत आणि व्हिडिओंत ओल्या लाकडाबद्दल एकच सल्ला सापडतो: हळू सुकवा. जाड पिशवीत घाला, वर भुसा भरा, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा आणि विसरून जा. सल्ला देणाऱ्यांच्या गावात तो बरोबरच असेल. जुलै महिन्यात भांडुपला असं करून बघा. चार-पाच दिवसांत पिशवीत पांढरी बुरशी आणि तिच्या मागोमाग काळे डाग. लाकूड तडकत नाही हे खरं, पण ते सुकतही नाही, नुसतं कुजतं.

आपल्याकडची अडचण अशी की लाकूड हातात येतं ते नेमकं चुकीच्या वेळी. महापालिकेची फांद्यांची छाटणी पावसाळ्याच्या तोंडावर होते आणि झाडं पडतात ती पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांत. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं, तेव्हा आठवडाभर रस्त्यारस्त्यावर ओंडके पडून होते आणि पाठोपाठ पावसाळा सुरू झाला. त्यामुळे मी लाकूड पुस्तकाप्रमाणे सुकवत नाही, महिन्याप्रमाणे सुकवते. मी मुलुंडला राहते, लेथ भांडुपच्या एका गाळ्यात आहे. वाडगे, मसाल्याचे डबे, लाटणी, रव्या करते. पुढचं सगळं त्या गाळ्यातल्या कामातून आलेलं आहे.

लाकूड मिळवताना

झाड सोसायटीच्या आवारात असलं तरी ते तोडायचा अधिकार सोसायटीला नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ मुंबईला लागू आहे, आणि तोडायला किंवा मोठी छाटणी करायला महापालिकेची परवानगी लागते. झाड पडलं तर १९१६ वर फोन करायचा. माणसं येतात, कापतात, ट्रकमध्ये भरतात. तुम्हाला जे हवं ते या टप्प्यावर, सेक्रेटरींना विचारून आणि कापणाऱ्यांशी नीट बोलून घ्या. कापण्याआधी बोला, नंतर नाही. त्यांना ट्रक भरायचा असतो, म्हणून ते हाताला येतील तसे फूटभराचे तुकडे पाडतात. फूटभराचा ओंडका दोन्ही टोकांनी तडकला की मधे उरतं काय? "दादा, हे खोड दोन-अडीच फुटांचं ठेवा" एवढं वेळेवर सांगितलं की काम होतं. वॉचमनकाकांशी ओळख ठेवा. माझी निम्मी लाकडं त्यांच्या फोनवर आलेली आहेत.

साग, खैर, चंदन यांच्या वाटेला जाऊ नका. वाहतूक परवान्याची भानगड असते. आणि मुलुंड-बोरिवलीकरांनो, नॅशनल पार्कच्या हद्दीतली वाळकी काटकीही उचलायची नाही.

रस्त्यावरच्या झाडाला खिळे असतातच. जाहिरातींच्या पाट्या, दिवाळीच्या माळा, जुनी तार, सगळं सालीच्या आत गेलेलं असतं. साधं लोहचुंबक फिरवा, पण ते खोलवरचा खिळा सांगत नाही. त्यासाठी कापलेलं तोंड बघा. कापलेल्या तोंडावर कुठे निळसर काळा ओघळ दिसला, रेषेच्या, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या, दिशेने वर-खाली पसरलेला, तर तिथे लोखंड आहे असं समजा. लाकडातलं टॅनिन आणि लोखंड मिळून तो रंग येतो. तो डाग तुकड्यात येईल तो भाग सरळ सोडून द्यायचा.

कुठलं झाड घ्यावं

मुंबईत खरादवाल्याला देवाने दिलेलं झाड म्हणजे रेन ट्री, आपला पर्जन्यवृक्ष. आतलं लाकूड चॉकलेटी, बाहेरची कड दुधाळ पिवळी, आणि सुकताना ते आकसतं फार कमी. हवाई बेटांवर याच झाडाला मंकीपॉड म्हणतात आणि तिथले लाकडी वाडगे याचेच प्रसिद्ध आहेत, तेही ओलं असतानाच कातलेले. आपण ते जळणात घालतो. नवशिक्याने पहिलं वर्ष दुसऱ्या कशाला हात लावू नये असं माझं मत आहे. फक्त याचा भुसा नाकाला झोंबतो, तेव्हा मास्क हवाच.

दुसरं भेंडाचं. खाडीकाठी, जुन्या वाड्यांच्या कुंपणाला असतं, पिवळी फुलं येतात आणि सुकताना तांबूस होतात. लाकूड गडद, घट्ट, गुळगुळीत. दहा इंचांचं खोड मिळालं तरी नशीब समजा.

आंबा मिळतो भरपूर, पण तो वाट बघत नाही. पावसाळ्यात आंब्याच्या ओंडक्याला आठवड्यात निळी-काळी झाक चढते आणि पांढऱ्या भागात कीड शिरते. काही जणांना त्या काळ्या रेघा आवडतात, मलाही आवडतात, पण त्या बुरशीच्या आहेत. रेघा छान दिसायला लागल्या की थांबायचं, नाहीतर पुढच्या पायरीला लाकूड भुसभुशीत होतं आणि लेथवर रेषा उपटून निघतात. ताज्या आंब्याचा चीक अंगावर उततो, हातमोजे घाला. फणस ताजा असताना हळदीसारखा पिवळा असतो आणि उजेडात वर्षाकाठी तपकिरी होतो. गिऱ्हाइकाला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर "रंग गेला" म्हणून फोन येतो. कोकणातल्या जुन्या घरांचे वासे आणि दारं याची आहेत, तेव्हा टिकण्याबद्दल शंका नको.

चिंच घेताना हात आणि हत्यार दोन्ही बघा. मटणाच्या दुकानातला ओंडका चिंचेचा असतो तो उगाच नाही. जांभूळ पाण्यात टिकतं पण सुकताना फाटतं. बदाम बरा, रेषा उलटसुलट. नारळ हे लाकूड या अर्थाने लाकूडच नाही, बाहेर दगड आणि आत कापूस, हत्यारं बोथट होतात. गुलमोहर आणि सोसायटीतला उभा अशोक दोन्ही हलके, लवकर किडणारे. सराव करायला घ्या, ठेवायला नको.

फांदी की खोड, असं विचाराल तर खोड. आडवी वाढलेली फांदी स्वतःचं वजन पेलत वाढते, तिच्या वरच्या बाजूचं लाकूड ताणलेलं असतं आणि सुकताना ते वेडंवाकडं ओढलं जातं. तोंडावर मधला ठिपका, म्हणजे वलयांचं केंद्र, एका बाजूला सरकलेला दिसला की ती अशीच फांदी. अपवाद बेचक्याचा. दोन फांद्या फुटतात तिथलं लाकूड पंखासारख्या नक्षीचं निघतं. बेचकं कधीही सोडू नका.

पहिल्या दिवसाचं काम

लाकूड का तडकतं ते एकदा समजलं की बाकीचं आपोआप सुचतं. लाकूड आकसतं ते सगळ्या दिशांना सारखं नाही. वार्षिक वलयांच्या कडेकडेने ते जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मं मध्यापासून सालीकडे आकसतं, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. अख्ख्या गोल ओंडक्याला घेर कमी करायचा असतो पण मधला भाग तेवढा दबत नाही. मग तो सालीपासून ठिपक्यापर्यंत फाटतो. म्हणून मधला ठिपका तुकड्यात राहता कामा नये.

ओंडका लांबीत उभा चिरायचा, ठिपक्यातून. पिवळ्या खडूने दोन्ही तोंडांवर रेघ मारून घ्या, ती दोन्हीकडे ठिपक्यातून आणि एकाच पातळीत जाईल अशी. मग प्रत्येक अर्ध्या भागाच्या सपाट बाजूचा आणखी इंचभर थर काढून टाका. तो थर जळणाला. जीव तुटतो, पण वाडग्याच्या बुडात आलेला ठिपका हमखास तडा देतो. सोसायटीत चेनसॉ चालवायचा तर वेळ पाळा आणि खाली अंथरूण घाला. मी कापायचं काम गाळ्यातच करते, घराखाली एकदा आवाज झाला की पुढचे सहा महिने लिफ्टमध्ये तेच ऐकावं लागतं.

तुकड्याची लांबी: वाडग्याच्या व्यासापेक्षा किमान तीन इंच जास्त. टोकं फुटणारच, ती फुटायला जागा द्यायची. आणि जेवढं त्या आठवड्यात कातणार तेवढंच चिरा. बाकीचे ओंडके लांब आणि सालीसकट ठेवा.

आता तोंडं बंद करणं. झाडात पाणी लांबीच्या दिशेने वाहतं, म्हणून कापलेल्या तोंडातून ते बाजूंपेक्षा कितीतरी पट वेगाने उडतं आणि टोक आधी आकसून फुटतं. कापल्या दिवशी, शक्य तर कापल्या तासात, तोंडाला लेप द्या. मी पॅराफिन मेण वापरते. एका जुन्या टोपात पाणी, त्यात मेणाचा डबा, असं वितळवायचं. मेण थेट आचेवर कधीही ठेवू नका, ते पेट घेतं. ब्रशने दोन हात. लेप तोंडावरून खाली बाजूंवरही इंचभर उतरू द्या. मेण नसेल तर उरलेला ऑइल पेंट जाड लावा, चालतो. डिस्टेंपर चालत नाही, त्यातून पाणी आरपार जातं. फेविकॉलचे दोन-तीन हात कोरड्या दिवसांत चालतात, पावसाळ्यात तो लाकडावर वाळतच नाही. बेचकं असेल तर त्याची नक्षीची बाजूही लिंपून टाका.

ओंडके ठेवायचे ते सावलीत, जमिनीपासून वर, दोन पट्ट्यांवर. लादीवर थेट ठेवला की खालून ओल आणि वाळवी दोन्ही. चिरलेले अर्धे भाग सपाट बाजू खाली, साल वर. गच्चीवर ताडपत्रीखाली ठेवू नका. ताडपत्रीच्या आत वाफ कोंडते. पत्र्याच्या गाळ्याचा माळाही नको, एप्रिल-मेमध्ये तिथे मेणाचा लेपसुद्धा सुटतो.

पाण्यात बुडवून ठेवणं हा जुना उपाय आहे आणि तो खरंच चालतो. पूर्ण बुडालेलं लाकूड फुटत नाही आणि हवेअभावी बुरशीही धरत नाही. पण मुंबईत उघड्या ड्रममध्ये पाणी साठवलं तर महापालिकेची डासांची तपासणी दारात उभी राहील, आणि योग्यच आहे. घट्ट झाकणाचा ड्रम असेल आणि दर चार दिवसांनी पाणी बदलणार असाल तरच करा. वासाची तयारी ठेवा.

कच्चं कातणं

माझ्या मते ओल्या लाकडाची खरी साठवण म्हणजे त्याला ओलं असतानाच जाडसर वाडग्याचा आकार देऊन ठेवणं. अख्खा ठोकळा सुकायला इंचाला वर्ष असा ढोबळ हिशेब धरतात, आणि आपल्या हवेत चार इंचांचा ठोकळा तेवढ्या वेळात सुकण्याआधी किडतो. तेच लाकूड आतून पोकळ केलं की काही महिन्यांत काम होतं. शिवाय पोकळ वाडग्याला आकसताना वाकायला वाव असतो, तो फुटण्याऐवजी लंबगोल होतो.

भिंतीची जाडी व्यासाच्या दहावा भाग. दहा इंचांचा वाडगा, एक इंच भिंत. रेन ट्रीला यापेक्षा थोडी कमी चालते, चिंचेला आणि जांभळाला थोडी जास्त ठेवा कारण ते जास्त वाकतात. महत्त्वाचं म्हणजे जाडी सगळीकडे सारखी हवी. नवी मंडळी बूड जाड सोडतात, भिंत आधी सुकते, बूड मागे राहतं आणि दोघांच्या ओढाताणीत तडा बुडाच्या कडेला पडतो. चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, धरायचा बुडाचा खुंट मात्र मोठा ठेवा. तो लंबगोल होणार आहे आणि पुढे तोच पुन्हा गोल करायचा आहे.

कातताना मधेच जेवायला गेलात तर वाडगा ओल्या फडक्यात गुंडाळून, वर प्लास्टिक. पंख्याखाली तासभर उघडा राहिलेला ओला वाडगा परत आल्यावर काठाला केसाएवढी रेघ दाखवतो.

झाल्यावर बुडावर पेन्सिलीने लिहा: झाड, तारीख, वजन. मार्करची शाई ओल्या लाकडात पसरते.

मग महिना बघायचा

जून ते सप्टेंबर. हवेत आर्द्रता ८०-८५ टक्के किंवा वर. या दिवसांत वाडगा पिशवीत नाही, भुशात नाही, उघड्यावर. मांडणीच्या पट्ट्यांवर पालथा, दोन वाडग्यांत चार बोटं अंतर, आणि खोलीत पंखा मंद, पण तोंड भिंतीकडे. थेट वारा नको, हवा हलती हवी. पहिले दोन-तीन दिवस फक्त काठाच्या दोन कापलेल्या बाजूंना, म्हणजे जिथे रेषांची टोकं उघडी आहेत तिथे, मेणाचा हात द्या. बुरशीचे ठिपके दिसले तर कोरड्या ब्रशने झाडून पंखा थोडा वाढवा. या हवेत लाकूड कितीही थांबलं तरी १६-१८ टक्के ओलाव्याच्या खाली उतरत नाही. म्हणून गणपतीच्या ऑर्डरीसाठी जूनमध्ये पडलेलं झाड कोणी मागितलं तर मी नाही म्हणते.

खरा धोका ऑक्टोबरचा आहे. पाऊस गेला की आठवड्याभरात दुपारची हवा एकदम कोरडी आणि तापलेली होते, आणि चार महिने निवांत बसलेलं लाकूड घाईने पाणी सोडायला लागतं. म्हणून नवरात्र बसायच्या आत माझे सगळे वाडगे कागदी पिशवीत जातात. किराणावाल्याकडची तपकिरी पिशवी, किंवा वर्तमानपत्राचे तीन-चार थर, तोंड दुमडून बंद. पुस्तकातला हळू सुकवायचा सल्ला या महिन्यात अगदी बरोबर आहे. दिवाळी झाली की दोन थर काढा. डिसेंबरपासून मार्चपर्यंत दुपारी आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास येते, तेव्हा पिशवी उघडा आणि शेवटी काढून टाका. हेच आपले सुकवायचे खरे महिने.

आणि झाड जानेवारीत पडलं तर? तर सगळं उलट. पहिल्या दिवसापासून पिशवी, तीही दुहेरी, आणि पंखा बंद.

काटा खोटं बोलत नाही

मॉइश्चर मीटर असेल तर छान, पण वाडग्याच्या गोल भिंतीवर त्याच्या सुया नीट बसत नाहीत. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. आठवड्याला एकदा वजन करून बुडावर लिहा. उदाहरण घ्या. ताजा कातलेला वाडगा १,६८० ग्रॅम. महिने गेले आणि फेब्रुवारीत तो १,१२० ग्रॅमवर थांबला, लागोपाठ तीन आठवडे तोच आकडा. हिवाळ्याच्या शेवटी मुंबईत लाकडात साधारण १२ टक्के पाणी उरतं असं धरा, म्हणजे पूर्ण कोरडं लाकूड झालं १,००० ग्रॅम. लाकडाचा ओलावा नेहमी कोरड्या वजनावर मोजतात, तेव्हा सुरुवातीला तो ६८ टक्के होता.

यातला उपयोगी आकडा १,३०० ग्रॅम. साधारण ३० टक्क्यांपर्यंत पाणी पेशींच्या पोकळीतून निघतं, त्याने लाकूड आकसत नाही. त्याच्या खाली पेशींच्या भिंतीतलं पाणी जायला लागतं आणि आकसणं, वाकणं, फाटणं सुरू होतं. म्हणजे १,६८० पासून १,३०० पर्यंतचे ३८० ग्रॅम लवकर गेले तरी मोठं नुकसान नाही, फक्त वरचा पृष्ठभाग आतल्यापेक्षा फार पुढे पळाला नाही पाहिजे. १,३०० च्या पुढे मात्र सावकाश. सप्टेंबरात वाडगा नेमका या आकड्याच्या आसपास आला असेल तर ऑक्टोबरची पिशवी चुकवू नका.

कीड

रॅकवर एखाद्या सकाळी मैद्यासारख्या पिठाची छोटी ढिगोळी दिसली की समजायचं. वर बघा, टाचणीच्या टोकाएवढं भोक असेल. ही कीड पांढऱ्या भागातल्या पिष्टावर जगते, गडद भागाला सहसा जात नाही. आंबा, गुलमोहर, अशोक ही तिची आवडती. तो वाडगा लगेच बाकीच्यांपासून वेगळा करा.

कच्चा कातलेला वाडगा उकळणं हा मला आवडलेला उपाय. भिंतीच्या दर इंचाला तासभर, वाडगा पाण्यात पूर्ण बुडालेला, मग टोपातच थंड होऊ द्यायचा. किडीची अंडी मरतात, आतला ताणही सैल होतो, तडे कमी पडतात. टोप जुना आणि फक्त याच कामाचा. फणसाने पाणी पिवळंधमक होतं, घाबरू नका.

फक्त शोभेच्या वस्तूंसाठी बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सही चालतं: दहा लिटर पाण्याला २०० ग्रॅम बोरिक आणि ३०० ग्रॅम बोरॅक्स, त्यात ओला वाडगा दोन-तीन दिवस. लाकूड ओलं असेल तरच ते आत शिरतं. खाण्याच्या भांड्याला हे अजिबात लावू नका, आणि दोन प्रकारचे वाडगे एकाच मांडणीवर ठेवू नका. मी बोरिकवाल्यांच्या बुडावर लाल ठिपका देते.

दुसऱ्यांदा लेथवर

वजन थांबल्यावर वाडगा लंबगोल दिसेल, दहा इंचांत अर्ध्या इंचाचा फरकही पडतो. आधी खुंट गोल करा: वाडगा उलटा, काठ एका गोल लाकडी चकतीवर दाबून आणि मागून टेलस्टॉकचा, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाच्या सरकत्या टेकूचा, आधार देऊन. वेग कमी ठेवा, लंबगोल वाडगा सुरुवातीला थरथरतो. खुंट गोल झाला की चकमध्ये धरून बाहेरची बाजू, मग आतली.

गिऱ्हाईक कुठलं ते या टप्प्यावर विचारा. नागपूर, दिल्ली, किंवा दिवसभर एसी चालणारं बीकेसीतलं ऑफिस असेल तर आपलं १२ टक्क्यांवर थांबलेलं लाकूड तिथे आणखी खाली उतरणार. अशा वाडग्याला मी आधी दोन-तीन आठवडे घरातल्या एसीच्या खोलीत, कपाटावर ठेवते आणि काटा पुन्हा थांबला की मगच शेवटचं कातते. झाकणाचा मसाल्याचा डबा असेल तर झाकण थोडं सैलच बसवते. मुलुंडला फेब्रुवारीत घट्ट बसलेलं झाकण जुलैत निघत नाही.